अंगावरचे दूध आणि आईचे औषध

घरात बाळंतीण आजारी पडली की दोन सल्ले हमखास कानी येतात. एक म्हणतो, ‘गोळी घेऊ नकोस, दुधातून बाळाला बाधेल.’ दुसरा म्हणतो, ‘गोळी घे, पण अंगावर पाजणे बंद कर.’ दोन्ही सल्ले मायेपोटीच दिलेले असतात. तथापि पहिल्यात आईचे आरोग्य पणाला लागते आणि दुसऱ्यात बाळाचे अन्न. हा निर्णय पुष्कळदा कोणालाही न विचारता, केवळ भीतीने घेतला जातो. अशा भीतीला सावधगिरी म्हणावे काय? हा प्रश्न आम्हांला वैद्यकाइतकाच नीतीचाही वाटतो.

आईने घेतलेले औषध रक्तात मिसळते व त्यातील काही अंश दुधात उतरतो, हे खरे. परंतु किती उतरतो, हा कळीचा मुद्दा आहे. आईच्या व बाळाच्या वजनाचा हिशेब करून, बाळाला मिळणारी मात्रा आईच्या मात्रेच्या १० टक्क्यांहून कमी असेल तर ती सामान्यतः स्वीकारार्ह मानली जाते. बहुतेक औषधे या मर्यादेच्या आतच राहतात. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, अमॉक्सिसिलिन ही नेहमीची औषधे योग्य मात्रेत घेणाऱ्या आईने दूध तोडण्याचे सहसा कारण नसते. अर्थात बाळाचे वयही पाहावे लागते. नवजात किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे यकृत व मूत्रपिंड औषधाचा निचरा करण्यास पुरेसे समर्थ नसते. सहा महिन्यांच्या बाळाची गोष्ट वेगळी.

चेंबूरच्या आसपासच याची बोलकी उदाहरणे सापडतात. शेजारच्या गोवंडी-मानखुर्दच्या दाट वस्त्यांत क्षयरोग अनोळखी नाही. क्षयाची नेहमीची औषधे घेणाऱ्या आईला दूध पाजता येते. किंबहुना तिने पाजावे, असेच वैद्यकाचे सांगणे आहे. खोकल्यातून होणारा संसर्ग टाळण्यासाठी ती तोंडाला मास्क लावते आणि बाळाला प्रतिबंधक औषध दिले जाते. येथे धोका औषधाचा नसून औषध सोडण्याचा आहे.

याउलट ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात तयार होणारे किरणोत्सारी आयोडीन पाहा. थायरॉइडच्या काही विकारांवर ते गुणकारी ठरते. परंतु दुधात उतरून ते बाळाच्या थायरॉइडला इजा करू शकते. म्हणून उपचारापूर्वी काही आठवडे स्तनपान थांबवावे लागते व त्या बाळापुरते ते पुन्हा सुरू करता येत नाही. कर्करोगावरील अनेक औषधांच्या बाबतीतही दूध थांबवावे लागते. कोडीन या वेदनाशामकाविषयी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ साली स्तनदा मातांना स्पष्ट इशारा दिला, कारण काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे मॉर्फिन फार वेगाने बनते. म्हणजे ‘सारे चालते’ हेही खरे नाही.

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ साली आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. अशा पेढीत दूध देणाऱ्या मातेला, ती कोणती औषधे घेते, हे आधी विचारले जाते. परक्याच्या नाजूक बाळासाठी जे विचारले जाते, ते स्वतःच्या नातवंडासाठी विचारण्यास आपण का कचरावे?

येथे कोणी संत जियाना मोल्ला यांचे नाव घेईल. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या मातेने गर्भातील बाळाचा जीव प्रथम मानला आणि बाळंतपणानंतर आठवड्याभरात, १९६२ साली, तिने देह ठेवला. २००४ मध्ये तिला संतपद देण्यात आले. परंतु गर्भारपणात तिने उपचार नाकारले नव्हते. बाळाला जपणारी शस्त्रक्रिया तिने विचारपूर्वक निवडली होती. जाणून-समजून केलेला त्याग थोर असतो. जेथे त्यागाची गरजच नाही, तेथे अज्ञानामुळे आईला तापाने फणफणत ठेवणे, हा त्याग नव्हे. ‘स्वतःसारखी शेजाऱ्यावर प्रीती कर’ या आज्ञेत ‘स्वतः’ हा शब्दही आहे, तो आईला वगळत नाही.

सर्वांत अधिक अन्याय होतो तो बाळंतपणानंतर मन खचलेल्या मातेवर. तिची गोळी लपवली जाते, बंद केली जाते, ‘प्रार्थना कर, बरे वाटेल’ म्हणून तिला गप्प केले जाते. प्रार्थना अवश्य करावी, पण तीही उपचारांच्या सोबतीने. सर्ट्रालिनसारखे औषध दुधात फारच अल्प प्रमाणात उतरते. लिथियमसारख्या औषधाला मात्र रक्ततपासणीसह कडक देखरेख लागते. हा भेद डॉक्टर सांगू शकतात, सासूबाई किंवा दुकानदार नव्हे. घरगुती काढे व झाडपाल्याची औषधे यांनाही हाच प्रश्न विचारावा. ‘आयुर्वेदिक’ एवढ्या शब्दाने कोणतेही औषध निर्धोक ठरत नाही.

तेव्हा वाचकहो, घरातील मातेस औषध लिहून मिळाले की डॉक्टरांना सांगावे, ‘ही अंगावर पाजते, बाळ इतक्या महिन्यांचे आहे, अमुक दिवसांचे आधी जन्मले.’ अधिक सुरक्षित पर्याय आहे का, गोळी केव्हा घ्यावी, बाळात कोणती लक्षणे पाहावीत, हे विचारावे. बाळ फार सुस्त वाटले, नीट पीत नसले वा श्वास मंद झाला, तर तत्काळ दवाखाना गाठावा. आणि ही विचारणा करण्यासाठी घरातील पुरुषाने दवाखान्यात तिच्यासोबत जावे. बाळ दोघांचे आहे; मग चौकशीचा भार एकटीवर का?