कात्रीखालचा देव

शिरूर तालुक्यात रांजणगावचा महागणपती. दौंडच्या बाजूने शिरापूरहून भीमा ओलांडली की सिद्धटेक. या वाटेवरच्या घरांत देव मूर्तीइतकाच कागदावर भेटतो: उदबत्तीचा पुडा, कापराची डबी, दिनदर्शिका. जुनी वेष्टने, लेबले आणि पत्र्याचे डबे जमवून कोलाज करणाऱ्याला म्हणूनच एक प्रश्न टाळता येत नाही. देवाचे चित्र असलेल्या कागदाला कात्री लावावी का? लावायला हरकत नाही, असे माझे मत आहे, आणि त्याला आधार परंपरेतच सापडतो. पार्थिव गणपतीत देवत्व येते ते प्राणप्रतिष्ठेने. उत्तरपूजा होऊन अक्षता पडल्या, मूर्ती जागची किंचित हलवली, की उरते ती माती. ज्या पुड्यावर कधी आवाहनच झाले नाही, तिथे विसर्जन कशाचे करायचे?

लोक शास्त्रापुरतेच थांबत नाहीत, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. राजा रविवर्मा यांचा छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला, पुढे मळवलीला गेला. त्याच्या लक्ष्मी-सरस्वती कोणत्याही भटजीविना देव्हाऱ्यात पोचल्या. रोजचे हळदकुंकू हीच त्यांची प्रतिष्ठा. पण याच छापील देवींना जर, टिकल्या, कापडाचे तुकडे चिकटवून नटवले गेले, आणि ती भक्तीच मानली गेली. (पिकासोने 1912 मध्ये चित्रावर मेणकापड चिकटवले ते कलेच्या इतिहासात गेले, हे हौसेत जमा झाले.) पूजलेली तसबीर वेगळी, हे मान्यच. तिला आधी रीतसर निरोप द्यावा, मन घेत नसेल तर हात लावू नये. मग चपलेवर देव छापणाऱ्यालाही हीच सबब पुरेल की, असे कोणी म्हणेल. नाही पुरणार. आवाहन झाले नाही यावरून चित्रात देव नाही एवढेच ठरते. अपमान होतो की नाही, हे ते चित्र कुठे आणि कशासाठी ठेवले यावर ठरते. चप्पल देवाला पायाखाली नेते, कोलाज त्याला उकिरड्यावरून भिंतीवर आणते. उलट, देवाचे चित्र कचऱ्यात जाऊ नये म्हणून प्लास्टिकचा थर असलेला पुठ्ठा घोडनदीत किंवा भीमेत सोडण्यात कोणते पावित्र्य राखले जाते, हे मला कळत नाही.

एवढे म्हणूनही चेहऱ्यावरून कात्री फिरवणे मला खटकतेच. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, त्या संस्काराचा हा अवशेष असावा. युक्तिवादाने तो जात नाही, आणि जावा असेही मला वाटत नाही.