कच्चं लिंबू

गेल्या रविवारी संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या बागेत माझ्या सात वर्षांच्या नातीने मला चारचौघांत कच्चं लिंबू केलं.

'बाग' म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. गाड्या उभ्या करून झाल्यावर जी त्रिकोणी जागा उरते, तिला आमच्या बिल्डरने नकाशात बाग म्हटलं आहे. तिच्यात चार क्रोटन, एक घसरगुंडी आणि तीन पाट्या आहेत. 'हिरवळीवर चालू नये', 'फुले तोडू नयेत' आणि 'बॉल खेळण्यास सक्त मनाई'. हिरवळ आणि फुलं अजून यायची आहेत. पाट्या मात्र वेळेवर आल्या. त्या पाट्यांवर लक्ष ठेवीत मी रोज बाकावर बसतो. त्या दिवशी पकडापकडीला एक गडी कमी पडत होता म्हणून मला बोलावणं आलं. मी चष्मा खिशात ठेवला, पायजम्याची नाडी आवळली आणि मैदानात उतरणार तोच नात ओरडली, "आजोबा कच्चं लिंबू हं! आजोबांवर राज्य नाही!"

बाकीच्या पोरांनी ठराव तिथल्या तिथे एकमताने मंजूर केला. सोसायटीच्या वार्षिक सभेत असं झालेलं मी कधी पाहिलेलं नाही.

ज्यांचं बालपण वाड्यात किंवा चाळीत गेलं त्यांना कच्चं लिंबू म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. खेळात एखादं पोर इतकं लहान असतं की ते घेतलं तर खेळाचा विचका होतो आणि नाही घेतलं तर त्याची आई येते. यावर आपल्या पूर्वजांनी काढलेला तोडगा म्हणजे कच्चं लिंबू. ते पळतं, लपतं, ओरडतं, धडपडतं, गुडघे फोडून घेतं. फक्त ते आऊट होत नाही. त्याला पकडलं तरी पकडलं असं धरत नाहीत आणि त्याने कुणाला पकडलं तरी तेही धरत नाहीत. आमच्या वाड्यात तळमजल्यावर एक आजोबा गीतारहस्य घेऊन बसत. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात बसून एवढा मोठा ग्रंथ लिहिला आणि तो १९१५ साली छापून निघाला, हे ते आम्हाला दर आठवड्याला सांगत. कर्म करावं, फळाची आशा धरू नये, हे त्यातलं सार. मला पुढे कधीतरी लक्षात आलं की त्या अख्ख्या वाड्यात खरा निष्काम कर्मयोगी एकच होता, आणि तो म्हणजे चौकात फळाविना धावत असलेला मी.

कारण मीही बराच काळ कच्चं लिंबू होतो. नारायण पेठेत नदीच्या अंगाला आमचा वाडा. पुढे चौक, मध्ये हौद, मागे मालकांची परसबाग. तिच्यात पेरू, डाळिंब, कण्हेर आणि एक पारिजातक. विटीदांडू चौकात, लगोरी बोळात आणि लपायचं ते परसात, अशी खात्यांची वाटणी होती. थोरली मुलं विटीदांडूचं अंतर 'वकट, लेंड, मूंड, नाल' असं मोजत, तेव्हा मला ते मंत्रच वाटत. तेलुगूतल्या एक-दोन-तीन-चाराचं ते पोरांनी केलेलं मराठी आहे, हे कळायला मला नोकरीनिमित्त हैदराबादला जावं लागलं. तिथल्या भाजीवाल्याने 'ओकटि, रेंडु' म्हणताच मी इतका हर्षभरित झालो की त्याने वांगी परत मोजली.

तर एके दिवशी, मी असेन सहा-सात वर्षांचा, लगोरीचा चेंडू सपकन पाठीत बसला आणि कुणीतरी म्हणालं, "आऊट!" मी नेहमीप्रमाणे पळतच राहिलो. "अरे थांब, आऊट आहेस तू. आजपासून खरा." मी घरी गेलो तो ढसाढसा रडत. आईने विचारलं, कुणी मारलं? मी पाठीवरचा वळ दाखवला आणि म्हणालो, "मी आऊट झालो!" आणि पुन्हा रडायला लागलो. हे रडणं आनंदाचं आहे हे त्या माउलीला शेवटपर्यंत कळलं नाही. तिने दृष्ट काढली.

आता प्रश्न असा आहे, आणि तो त्या रविवारपासून मला झोपू देत नाही, की हे कच्चं लिंबू प्रकरण दयाळूपणाचं आहे की अपमानाचं?

शास्त्राधार शोधायला गेलो तर फार हाती लागत नाही. महाभारतात आदिपर्वात राजपुत्रांची विटी विहिरीत पडते आणि द्रोणाचार्य ती दर्भाच्या काड्यांनी वर काढून देतात. म्हणजे खेळ होता. त्याच पर्वात कौरव फळं काढायला झाडावर चढले की भीम ते झाड गदागदा हलवून फळांसकट त्यांना खाली पाडतो. भीमाने कुणाला कच्चं लिंबू मानल्याचा उल्लेख नाही. मानलं असतं तर कदाचित पुढची सतरा पर्वं वाचली असती, पण तो विषय वेगळा. खेळांचे नियम पुढे मोठ्या माणसांनी लिहून काढले. पण छापील नियमांत मैदानाची मापं येतात, गुण येतात, पंच येतात. कच्च्या लिंबाचं कलम येत नाही. ते फक्त पोरांच्या तोंडी कायद्यात आहे. त्यावरून वाटतं, मोठ्यांपेक्षा पोरं दयाळू. आणि मग मला 'हिशेबनीस' आठवतो.

त्याचं खरं नाव सांगत नाही. तो पुण्यातच आहे आणि वाचतो. आमच्याच वयाचा. पोलिओने एक पाय गेलेला, त्या पायाला लोखंडी पट्ट्यांचा बूट. २०१४ साली भारत पोलिओमुक्त झाल्याची बातमी आली तेव्हा मला आधी आठवला तो चौकातल्या फरशीवर वाजणारा त्या बुटाचा आवाज. तो ओसरीच्या पायरीवर बसून आमच्या खेळांचा हिशेब ठेवी. कुणाची किती लेंड झाली, कुणावर किती राज्यं आली, सगळं तोंडपाठ. भांडण झालं की त्याचा शब्द अखेरचा. आम्ही त्याला प्रत्येक खेळात घ्यायचोही. अर्थात कच्चं लिंबू म्हणून. आम्हाला त्याचा फार अभिमान होता. म्हणजे त्याचा नव्हे, आमच्या चांगुलपणाचा.

१९६१ सालच्या मे महिन्याच्या सुट्टीत, डबा ऐसपैस सुरू होणार एवढ्यात तो पायरीवरून उठला आणि म्हणाला, "आज राज्य माझ्यावर."

कुणाला काही सुचेना. एकजण म्हणाला, "अरे, तुला कशाला?" तो म्हणाला, "चकल्याशिवाय घेतोय. फुकट मिळतंय तर घ्या ना." तर्क बिनतोड होता.

डबा ऐसपैस हा मुळातच राज्य असणाऱ्याला रडवायला काढलेला खेळ आहे. रिंगणातला डबा कुणीतरी लांब फेकायचा, राज्यवाल्याने तो आणून रिंगणात ठेवायचा, तोवर बाकीच्यांनी लपायचं. मग एकेकाला हुडकून त्याच्या नावाने 'ऐसपैस' ओरडायचं. तेवढ्यात न दिसलेल्या कुणी येऊन डबा उडवला की पहिल्यापासून राज्य. आमचा डबा डालडाचा, पिवळ्या रंगावरचं ताडाचं झाड ठोकरा खाऊन खाऊन अर्धं उरलेलं. त्या संध्याकाळी तो डबा आठ वेळा उडाला. आठ वेळा तो बूट खडखडत बोळापर्यंत गेला आणि खडखडत परत आला. कुणी हसत नव्हतं. गंमत अशी की थांबतही कुणी नव्हतं. कारण नियमाप्रमाणे खेळायचं तर डबा उडवायलाच हवा, आणि त्याने खेळच तर मागितला होता.

नवव्या खेपेला मी पारिजातकामागे होतो. खोड ते केवढं! मी त्याच्यामागे नीट मावलो असतो, पण मी शर्टाचं टोक बाहेर राहू दिलं. राहू दिलं म्हणजे काढलंच बाहेर.

"ऐसपैस!" तो ओरडला माझ्या नावाने. एवढा मोठा आवाज त्याच्या छातीत होता हे आम्हाला माहीत नव्हतं. मी बाहेर आलो. तो जवळ आला, माझ्या शर्टाकडे पाहिलं, मग झाडाकडे, मग माझ्या तोंडाकडे. तोंड लपवायला मला कुणी शिकवलं नव्हतं. तेवढ्यात दिवेलागण झाली, वरून शुभंकरोतीला हाका आल्या आणि खेळ मोडला. तो काहीच बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून पायरीवर बसायला आला नाही.

मी त्याला जाऊन काहीतरी म्हणणार होतो. काय ते ठरत नव्हतं. 'चुकलो' म्हणावं तर चूक कबूल होते आणि 'चुकून दिसलो' म्हणावं तर दुसरी होते. ठरेपर्यंत जुलै आला, आणि १२ तारखेला पानशेत फुटलं. पाणी वाड्यात शिरलं, मातीच्या भिंती बसल्या, पारिजातक गेला, हौद गाळाने भरला. माणसं वाचली. वाडा मात्र विखुरला. कुणी नातेवाइकांकडे, कुणी गोखलेनगरला अर्धगोल पत्र्यांच्या घरांत. हिशेबनीस कुठे गेला ते मला कितीतरी वर्षं कळलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढंसं ते! नऊ वर्षांच्या पोराने दोस्ताला जिंकू दिलं, त्यात काय बिघडलं? मीही इतकी वर्षं हेच म्हणत आलो. पण पंचाहत्तरीच्या जवळ आलं की माणूस पुन्हा कच्चं लिंबू व्हायला लागतो, आणि मग प्रश्न दुसऱ्या बाजूने दिसतो. घरात व्यवहाराचं बोलणं निघालं की चिरंजीव म्हणतात, "बाबा, तुम्ही नका काळजी करू." डॉक्टर माझं पोट दाबतात आणि 'कसं वाटतंय' हे सुनेला विचारतात. मी कॅरममध्ये जिंकलो की सगळे टाळ्या वाजवतात. पूर्वी शिव्या देत. रेल्वेने २०२० साली ज्येष्ठांची तिकिटातली सवलत काढून घेतली तेव्हा आमच्या बाकावर निषेधाची सभा झाली. पैशापुरता मीही निषेध केला. पण मनातून वाटलं, चला, कुणीतरी मला पूर्ण भाड्याचा माणूस समजलं!

लहान मुलाचं कच्चं लिंबू असणं वेगळं. त्याला ठाऊक असतं की आपण उद्या-परवा पिकणार आहोत. ज्याला पिकायचंच नाही असं दुसऱ्यांनी परस्पर ठरवून टाकलेलं असतं, त्याने काय करावं? त्याने राज्य मागावं, हेच हिशेबनिसाने केलं. आणि मी त्याला ते दिलं, पण खोटं नाणं दिलं. खरं नाणं द्यायचं तर रात्र होईतो तो खडखडाट ऐकायची तयारी हवी होती. ती माझ्यात नव्हती. म्हणजे मी दया केली ती त्याच्यावर की स्वतःच्या कानांवर?

परवा संभाजी बागेत तो भेटला. अधूनमधून भेटतो हल्ली. बँकेतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला आहे, हातात काठी आहे. इतक्या भेटींत जे विचारलं नव्हतं ते नातीच्या कृपेने मी विचारून टाकलं. "तुला आठवतं का रे, तो पारिजातक?"

"शर्ट निळ्या चौकटीचा होता," तो म्हणाला.

मी गप्प. मग म्हणालो, "चुकलंच माझं."

"ते चुकलंच," तो म्हणाला. "पण दुसरी एक गोष्ट राहिलीय. वाड्याचा नियम काय होता? पहिला जो दिसेल त्याच्यावर पुढचं राज्य. तू दिसलास. खेळ मोडला. राज्य तू घेतलंच नाहीस." हिशेब त्याच्याकडेच होता. "साठावर वर्षं झाली. व्याज सोडतो."

मी इकडेतिकडे पाहिलं. दोन बायका फेऱ्या मारीत होत्या, एक पोरगा फोनवर भांडत होता. डबा नव्हताच, म्हणून मी बाकाकडे पाठ केली, डोळे मिटले आणि दहा-वीस-तीस म्हणायला लागलो. साठला रखवालदार येऊन 'काका, बरं वाटत नाही का?' विचारून गेला. शंभरला डोळे उघडले, तर बाक रिकामा.

फार लांब जाणं शक्यच नव्हतं. समोरच्या झाडाच्या बुंध्यामागून काठीचं टोक चांगलं वीतभर बाहेर आलेलं होतं. मी क्षणभर तिथेच उभा राहिलो. एक फेरी उगाच दुसरीकडे मारून यावी, असं पायांना वाटत होतं.

मग छाती भरून श्वास घेतला आणि फेऱ्या मारणाऱ्या बायका दचकून थांबतील एवढ्या मोठ्याने ओरडलो, "हिशेबनीस, ऐसपैस!"