सगळ्यांना हरवलं, तरी तिसरा

स्पीडवेच्या मोटरसायकलला एकच गिअर असतो आणि ब्रेक नसतोच. चार जण, चार फेऱ्या, मिनिटभरात खेळ खल्लास. पहिल्याला 3 पॉइंट, मग 2, मग 1, शेवटच्याला भोपळा. इतक्या सरळ हिशेबात 'खरा विजेता कोण' यावर वाद कसला?

सप्टेंबर 1936, लंडनचं वेम्ब्ली स्टेडियम, पहिली जागतिक फायनल. 16 रायडर, 20 रेस. वेळापत्रकच असं, की पाच रेसमध्ये प्रत्येकाची उरलेल्या पंधराही जणांशी एकेकदा गाठ पडते. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूई विल्किन्सनने पाचही रेस जिंकल्या. 15 पैकी 15. म्हणजे त्या रात्री त्याने सगळ्यांना समोरासमोर हरवलं.

आणि तो तिसरा आला.

कारण आधीच्या फेऱ्यांचे बोनस पॉइंट फायनलमध्ये मिळवले जात. विल्किन्सनकडे 10 होते, लायोनेल व्हॅन प्रागकडे 12, एरिक लँगटनकडे 13. बेरीज झाली 25, 26, 26. बरोबरीतल्या दोघांची जादा रेस झाली, व्हॅन प्राग जिंकला आणि पहिला जगज्जेता ठरला.

अन्याय? ते बोनस काही आकाशातून पडले नव्हते, तेही ट्रॅकवरच कमावलेले होते. 'आज कोण भारी' आणि 'या मोसमात कोण भारी' हे दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत. मला खटकतं ते एवढंच, की लोकांना एक प्रश्न दाखवून उत्तर दुसऱ्याचं दिलं गेलं.

युद्धानंतर, 1949 पासून, बोनस गेले. एकच रात्र, जो जिंकेल तो जगज्जेता. मग 1973 साली पोलंडमधल्या खोजूफला येर्झी श्चाकिएल जिंकला. दोनच वर्षांपूर्वीच्या फायनलमध्ये त्याला शून्य पॉइंट होते! समोर होता न्यूझीलंडचा आयव्हन मॉजर, तोवर चार वेळा विजेता. दोघांचे 13-13 पॉइंट, जादा रेस, आणि ओलांडायला जाताना मॉजर पडला. श्चाकिएल पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही. त्यामुळे 'नशीब' म्हणून त्याला निकालात काढणारे भेटतात. मला ते पटत नाही. ब्रेक नसलेल्या गाडीवर मॉजरला मागे ठेवणं हे नशिबाचं काम नव्हे. आणि ऐन परीक्षेच्या दिवशी ताप आलेल्या कुणालाही विचारा, त्या एका दिवसाला उभं राहणं हीसुद्धा लायकीच असते.

1995 पासून ग्रां प्री आली, पहिल्या वर्षी सहा स्पर्धांची बेरीज. पद्धत जास्त न्याय्य आहे, हे मी मान्य करतो. पण श्चाकिएलसारख्याला तिथे जागा उरत नाही, आणि हा तोटा मला छोटा वाटत नाही.

विल्किन्सन 1938 मध्ये जगज्जेता झाला, त्याच बोनसच्या पद्धतीने. त्या रात्री मात्र त्याचे पॉइंट 15 नव्हते, 14 होते.