भिंतीवरचा नुक्ता

उर्दू शाळेत पहिलीच्या मुलांना अक्षरे शिकवताना आमचा निम्मा वेळ नुक्त्यांवर जातो. वळण एकच, खाली एक नुक्ता दिला की ‘बे’, वर दोन दिले की ‘ते’, तीन दिले की ‘से’. ‘खुदा’ लिहिताना नुक्ता पहिल्या अक्षराच्या वर असतो. तोच खाली पोटात उतरला की ‘जुदा’ होते. एवढ्याशा ठिपक्यावर अर्थाचा सारा भार असतो. तरीही ठिपक्याकडे थांबून पाहावे, हे आम्हांला सुचले ते एका चित्रकारामुळे. त्यांचे नाव सय्यद हैदर रझा.

रझा १९२२ साली आजच्या मध्य प्रदेशातल्या मंडला जिल्ह्यात, बाबरिया या गावी जन्मले. वडील जंगलखात्यात नोकरीला. भोवती दाट रान. रात्रीच्या रानाची भीती आणि ओढ त्यांच्या मनात जन्मभर राहिली. शाळेत मात्र या मुलाचे चित्त थाऱ्यावर नसे. ककैयाच्या प्राथमिक शाळेचे हेडमास्तर नंदलाल झारिया यांनी त्याला मारले नाही. त्यांनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि बाकी सारे विसरून त्याच्याकडे पाहत बसायला सांगितले. ही आठवण रझा म्हातारपणीही सांगत.

आम्ही ती प्रथम वाचली तेव्हा मान खाली गेली. त्याच आठवड्यात आम्हीही एका चंचल पोराला भिंतीकडे तोंड करून उभे केले होते. भिंत तीच, मूलही तसेच. फरक एका नुक्त्याचा. झारियागुरुजींनी मुलाला पाहायला काही दिले. आम्ही पाहणेच काढून घेतले.

पुढे रझा नागपूरच्या कलाशाळेत आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकले. १९४७ साली सूझा, हुसेन, आरा, बाकरे, गाडे यांच्याबरोबर त्यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप उभा केला. फाळणीनंतर भावंडे पाकिस्तानात गेली, रझा इथेच राहिले. १९५० साली शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि १९५६ साली तिथल्या समीक्षकांचा पुरस्कार मिळवणारे पहिले परदेशी चित्रकार ठरले. दक्षिण फ्रान्समधल्या गोर्बिओ गावातही त्यांनी घर केले. तिथल्या लख्ख उन्हाने कित्येक चित्रकारांना वेड लावले आहे.

उन्हाच्या मुलखात राहून, नाव मिळवून झाल्यावर, या माणसाला आठवले काय? तर लहानपणीची रात्र. सत्तरच्या दशकात त्यांनी ‘ला तेर’, म्हणजे ‘धरती’, या नावाने चित्रे केली. त्यांत काळोख पसरलेला आहे आणि त्यातून तांबडे, केशरी रंग निखाऱ्यासारखे फुटतात. ऐंशीच्या सुमारास गुरुजींचा ठिपका ‘बिंदू’ होऊन परतला. तो बहुधा काळा असतो. रझा काळ्याला सर्व रंगांची माता मानत. त्यांच्या लेखी उजेड बाहेरून येऊन अंधाराला हाकलून लावत नाही. तो अंधाराच्या पोटी जन्म घेतो.

इथे आमच्यापुढे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. आमच्या समाजाच्या सभांतून आणि शाळांच्या वार्षिक समारंभांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : समाज अंधारात चाचपडतो आहे, त्याला शिक्षणाचा उजेड दाखवा. आम्हीही अशी भाषणे केली आहेत. पण ज्याला आपण अंधार म्हणतो त्यात माणसे राहतात. त्यांत आईची अंगाई आहे, आजीच्या कहाण्या आहेत, बापाच्या हातातले कसब आहे. मुलाने हे सारे उंबऱ्याबाहेर ठेवून वर्गात यावे, असे म्हणण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला? कुरआनात तर अंधार आणि उजेड दोन्ही अल्लाहनेच निर्माण केल्याचे सांगितले आहे.

यावर कुणी म्हणेल, हे लाड झाले. निरक्षरता, बेकारी, मुलींची अर्ध्यावर सुटलेली शाळा, हा काही कॅनव्हासवरचा काळा रंग नव्हे. आक्षेप खरा आहे. उपाशी पोराला अंधाराची थोरवी सांगणारा मास्तर निर्दयच म्हणावा लागेल. रझांनाही रानातच राहून चालले नसते. नागपूर, मुंबई, पॅरिस हा प्रवास करावाच लागला. आमचे म्हणणे एवढेच की जिथून मूल आले त्या जागेची लाज त्याच्या मनात पेरून दिलेला उजेड डोळे दिपवतो. त्यात दिसत काहीच नाही.

दुसरा आक्षेप दोन्हीकडून येतो. मुसलमानाने बिंदू, पंचतत्त्वे का रंगवावीत, असे काहीजण विचारतात. याच चित्रांमुळे रझा ‘आपले’ झाले, असे दुसरे म्हणतात. दोघांनाही उजेडाच्या मालकीची घाई आहे. सूरह नूरमध्ये कोनाड्यातल्या दिव्याचा दृष्टान्त आहे. त्या दिव्याचे तेल ज्या जैतुनाचे, तो ना पूर्वेचा आहे ना पश्चिमेचा. रझांनी आपले नाव बदलले नाही आणि झारियागुरुजींचे ऋणही लपवले नाही. त्यांना दोन्ही जमले. आपल्यालाच एक सोडल्याशिवाय दुसरे धरता येत नाही, असे का वाटावे?

साठ वर्षे फ्रान्समध्ये काढून रझा २०१० च्या अखेरीस भारतात परतले. २३ जुलै २०१६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे मंडल्यात वडिलांच्या कबरीशेजारी त्यांना दफन करण्यात आले. ज्या रानातल्या रात्रीला मूल घाबरत होते, तिच्याच कुशीत म्हातारा परतला.

आमच्या वर्गातले ते पोर आजही चंचल आहे. आता आम्ही त्याला भिंतीकडे उभे करीत नाही. फळ्यावर मोठी ‘बे’ काढतो आणि खडू त्याच्या हातात देतो. नुक्ता तो देतो. कधी चुकून वर देतो आणि ‘बे’ची ‘नून’ करून ठेवतो. पण देताना, निदान तेवढा क्षणभर, त्याचे सगळे लक्ष त्या एका जागी असते.