मित्रस्मरण : मोह की धर्म?

देह नाशिवंत आहे, हे आपण कीर्तनात ऐकतो आणि माना डोलावतो. परंतु आपल्या बरोबरीचा, ताटाला ताट लावून जेवलेला माणूस एक दिवस उठून गेला, म्हणजे ते ऐकलेले सगळे कुठल्या कुठे जाते. आईबाप गेले तर काय करावे हे शास्त्राने सांगून ठेवले आहे. दिवस आहेत, वर्षश्राद्ध आहे, पक्ष आहे. मित्र गेला तर काय? त्याचे आपल्याला सुतक नाही. आपल्या घरी कोणी समाचाराला येत नाही. चार दिवस गेले की लोक म्हणतात, "आता कामाला लागा." आपण कामाला लागतोही. पण आत काहीतरी अडकून राहते ते राहतेच. तेव्हा गेलेल्या मित्राची आठवण वर्षानुवर्षे जपणे हा मोह समजावा, की धर्म? आणि धर्म असेल तर तो पाळावा कसा?

हा प्रश्न आम्हाला पोथी वाचताना पडला नाही, घाटात पडला. म्हणून आधी घाटाची थोडी हकीकत सांगितली पाहिजे.

आम्ही सहा जण पुण्याकडचे. आषाढीची वारी पायी करतो, ती वेगळी. पण आश्विन-कार्तिकात पावसाने उघडीप दिली, वाटा वाळल्या, की सायकलीवरून सह्याद्रीत जाण्याचा आमचा कित्येक वर्षांचा नेम आहे. सायकल साधी नव्हे, डोंगरातली. जाड खाचाखाचांची टायरे, पुढच्या चाकाला धक्के सोसणारी स्प्रिंग, चढासाठी हलके गिअर आणि उतारासाठी भक्कम ब्रेक. लोक तिला माउंटन बाइक म्हणतात. खडकवासल्यावरून निघायचे, पाबे घाट चढून वेल्ह्यास उतरायचे, तोरण्याच्या पायथ्याशी चहा घ्यायचा, डांबरी सोडून जिथे मिळेल तिथे गाडीवाटेने केळदकडे जायचे, आणि केळदच्या पुढे मढे घाटाच्या माथ्यावर, जिथे सह्याद्री एकदम तुटतो आणि खाली कोकण दिसते, तिथे बसून भाकरी सोडायची. त्या दिवसांत खाचरांतले भात पिवळे झालेले असते. कड्याच्या काठाने सोनकीची उरलीसुरली फुले असतात. धबधबा बारीक होतो, पण आटलेला नसतो. १६७० मध्ये सिंहगड घेताना तानाजी मालुसरे पडले, त्यांचा देह याच वाटेने खाली उमरठला नेला असे सांगतात. म्हणजे गेलेल्या सोबत्याला खांद्यावर घेऊन माणसे उतरली, अशीच ही वाट आहे.

आणि गंमत अशी, की ही डोंगरी सायकल जन्मली तीही मित्रांच्या मेळ्यात आणि शरदातच. अमेरिकेत कॅलिफोर्नियात मरीन म्हणून जिल्हा आहे. तिथल्या फेअरफॅक्स गावाजवळच्या डोंगरउतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या, जड, जाड टायरांच्या सायकलींची पहिली शर्यत लावली. दोनेक मैलांत सुमारे १,३०० फूट उतार! त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबातच असे, पायडल उलटे दाबले की लागायचा. खाली येईतो तो एवढा तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि नवे ग्रीस भरल्याशिवाय दुसरी फेरी होत नसे. त्यावरून त्या उतारालाच 'रीपॅक', म्हणजे 'पुन्हा भरा', असे नाव पडले. त्याच वर्षी सप्टेंबरात कोलोरॅडोतील क्रेस्टेड ब्यूट गावची मंडळी असल्याच सायकली घेऊन सुमारे १२,७०० फुटांवरची पर्ल खिंड ओलांडून ॲस्पेन गावी गेली, आणि पुढे ती सप्टेंबरातली रीतच होऊन बसली. हा खेळ मुळात एकट्याचा नव्हे. चढात धीर द्यायला, पंक्चर काढायला, पडल्यावर उचलायला सोबती लागतो. वारीसारखेच हे.

आमच्यातला एक मित्र नेहमी सर्वांच्या मागे राहायचा. दमायचा म्हणून नव्हे, अंगाने तो आमच्यात बळकट. पण पंप, पॅच, जादा ट्यूब, साखळीचा जोड हे सगळे त्याच्या पाठीवर असे, आणि कोणी कितीही मागे पडला तरी याच्या पुढेच पडे. "मी शेवटी आहे, तुम्ही सावकाश चला," हे त्याचे ठरलेले बोलणे. नवख्याला उतार शिकवताना तो सांगायचा, "दगडाकडं बघू नकोस. बघशील तिकडं चाक जातं. वाटेकडं बघ." हे ज्याने डोंगरात सायकल चालवली आहे त्याला पटेल. उतारावर ज्या दगडाला भिऊन त्याच्यावर डोळे रोखावेत, नेमके त्याच्यावरच जाऊन माणूस आदळतो.

हा आमचा मित्र एका श्रावणात आजाराने गेला. चाळिशीही उलटली नव्हती. दसरा आला, वाटा वाळल्या आणि आम्हा पाच जणांपुढे प्रश्न पडला, यंदा जायचे का?

तीन मते पडली. एक म्हणाला, "तो नाही तर घाट कशाला? तिथं जाऊन हसायचं कोणत्या तोंडानं?" दुसरा म्हणाला, "जाऊ, पण मढे घाटावर त्याची सायकल पांढरी रंगवून कायमची उभी करू." तिसरा आमच्यात जास्त वाचलेला, तो म्हणाला, "गेलेल्याला धरून बसणं आपल्या संप्रदायाला शोभत नाही. नाम घ्या आणि मोकळे व्हा." तिन्ही मते प्रेमातूनच आलेली. तिन्हींचा विचार क्रमाने केला पाहिजे. शेवटच्यापासून सुरुवात करू.

आठवण म्हणजे मोह, असे म्हणणाऱ्याने आधी आळंदीकडे पाहावे. माउलींनी समाधी घेतली ती कार्तिक वद्य त्रयोदशीला, इ. स. १२९६ मध्ये. शरद ऋतू हा आपल्याही आठवणीचा ऋतू आहे. माउली आणि नामदेवराय बरोबर तीर्थे हिंडले होते. ती यात्रा नामदेवांच्या तीर्थावळीत आली आहे. समाधीच्या प्रसंगाचे त्यांचे अभंग कार्तिकी वारीत आपण गातो, त्यांत शोक कुठे झाकलेला आहे? ज्याच्याशी देव बोलत असे, त्याने मित्राच्या वियोगात रडायची लाज धरली नाही. तेव्हा डोळ्यांत पाणी येणे म्हणजे ज्ञान कमी पडणे, हा हिशेब आपल्या संतांना मान्य नव्हता. शास्त्रही मित्राला अगदीच बाहेर ठेवत नाही. महालयात आप्तांबरोबर गुरू, शिष्य आणि मित्र यांचेही नाव घेऊन पाणी सोडण्याची रीत आहे.

परंतु नामदेवराय समाधीपाशी बसूनही राहिले नाहीत. माउलींच्या मागे ते चोपन्न वर्षे जगले, १३५० पर्यंत. पंजाबात घुमानपर्यंत त्यांनी नाम नेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत. दोघांनी मिळून जे सुरू केले ते एकाने पुढे नेले. इथे मोह आणि धर्म यांतला फरक उघड होतो. "मला तो हवा होता, माझे कसे होणार," एवढेच जिच्यात आहे ती आठवण मोहाची. "त्याचे काय करायचे राहिले," असे जी विचारते ती धर्माची. आठवण एकच असते. तिच्यात 'मी' किती आणि 'तो' किती, एवढे तपासावे. आणि तपासताना स्वतःला फार छळूही नये. पहिल्या वर्षी 'मी'च जास्त असणार. माणूस आहे, चालायचेच.

आता पहिले मत. मित्राच्या माघारी त्याच वाटेवर आनंद करणे ही प्रतारणा होते का? याचे उत्तर आम्हाला त्याच्या आईकडून मिळाले. आम्ही काकूंना विचारायला गेलो होतो. मनात धाकधूक, की या माउलीच्या घरावर आभाळ कोसळले आहे आणि आपण सहलीचे काय विचारतो! काकू थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "जा रे. तुम्ही गेलात की मला वाटेल, तोही गेलाय, रात्री येईल. तुम्ही नाही गेलात, तर मग तो कुठंच नाही." आणि दरवर्षीसारख्या दशम्या बांधून दिल्या. मोजून सहा जणांच्या. आम्ही काही बोललो नाही.

त्या वर्षी पाबे घाटात आमच्यातला एक चिखलाच्या डबक्यात बसकण मारून पडला आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. हसता हसता एकदम गप्प झालो. जो तो मनात म्हणत होता, हे बरे दिसते का? पण विचार केला तर, तो असता तर सर्वांत मोठ्याने कोण हसला असता? त्याची आठवण म्हणून आपण लांब तोंडे करून चढलो असतो, तर ती आठवण त्याची राहिलीच नसती, दुसऱ्याच कुणाची झाली असती. ज्याच्याबरोबर आनंद केला, त्याला आनंदातून वगळणे म्हणजे त्याला दुसऱ्यांदा घालवणे. दुःखाचा मान ठेवावा, पण सगळे घर त्याच्या हवाली करू नये.

राहिले दुसरे मत, पांढऱ्या सायकलीचे. ही कल्पना आमच्या मित्राने काही मनची काढली नव्हती. सायकलस्वार अपघातात गेला तर त्या जागी पांढरी रंगवलेली सायकल उभी करायची, ही चाल अमेरिकेत सेंट लुइस शहरी २००३ मध्ये सुरू झाली आणि मग देशोदेशी पसरली. येणाऱ्या-जाणाऱ्याने ती पाहावी आणि गाडी जपून हाकावी, हा हेतू चांगलाच आहे. त्याच वर्षी डॅलस शहरात दुसरी एक चाल पडली. गेलेल्या सायकलस्वारांच्या नावाने सगळ्यांनी मिळून, हळू, एक शब्द न बोलता सायकली चालवत जायचे. दरवर्षी मे महिन्यात गावोगाव अशी मूक फेरी निघते. एक आठवण उभी आहे, एक चालती आहे.

आम्ही त्याच्या वडिलांकडे सायकल मागायला गेलो. अण्णा माळकरी, पायी वारी करणारे. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ती सायकल मेलेल्या जागेवर ठेवतात ना? मग घाटात कशाला? घाटात तर तो जगला. आणि चालायची वस्तू उभी करून ठेवू नका, गंजेल." पुढे ते म्हणाले, "माउलींच्या अश्वावर कोण बसतं रे?"

वारकऱ्याला यापुढे सांगायला नको. अंकलीहून दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्याची पाठ रिकामी असते. रिंगणात तो रिकाम्या पाठीचा अश्व दौडतो आणि लाखो माणसे त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. पालखीतही काय असते? पादुका. ज्यांत आता कुणाचे पाऊल नाही, अशा पादुका घेऊन आपण आळंदीहून आणि देहूहून पंढरीपर्यंत चालत जातो. आपल्या संप्रदायाने समाधीची जागा पूज्य मानली, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. जो गेला त्याची जागा मोकळी ठेवून, त्याला बरोबर घेऊन, त्याच्याच वाटेने चालणे हे आपल्या वारीचे मर्म आहे. आमच्या मित्राला माउलींच्या पंक्तीला बसवण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही. पण थोरांनी घालून दिलेली रीत लहानांच्याही कामी येते.

अण्णांनी ती सायकल वेल्ह्याकडच्या एका शाळकरी मुलाला दिली. लांबून शाळेत चालत जाणारा पोर होता. आता तिच्या साखळीला तेल असते आणि टायरे झिजतात.

आणि त्या पहिल्याच शरदात आणखी एक गोष्ट घडली. पाबे घाट चढू लागलो तेव्हा, आमच्यातला जो सर्वांत तरबेज, ज्याला कायम पुढे पळायची घाई, तो हळूहळू मागे सरकू लागला. कुणी सांगितले नव्हते. पाठीवर मोठी पिशवी होती, तीत पंप, पॅच, जादा ट्यूब. आम्ही थांबून पाहिले तर म्हणाला, "चला तुम्ही. मी शेवटी आहे." त्या दोन शब्दांनी आमचा प्रश्न सुटला. गेलेल्याची जागा मोकळी ठेवायची, आणि त्याचे काम मात्र मोकळे ठेवायचे नाही. तेव्हापासून शेवटचा होण्याची पाळी आम्ही वाटून घेतली आहे.

वारकरी बंधुभगिनींनो, प्रत्येक दिंडीत असा कोणी ना कोणी गेलेला असतो. कोणी पहाटे सगळ्यांना उठवायचा, कोणी म्हाताऱ्यांचे पाय चेपायचा, कोणी पाण्याची कळशी घेऊन मागून यायचा. त्याच्या तसबिरीला हार घालावा, त्यात वावगे नाही. पण नंतर एवढे जरूर पाहावे, की त्याचे ते काम आता कोण करते? कोणी करत नसेल तर आठवण अजून तसबिरीतच आहे. दुसरे, त्याच्या घरी जावे, आणि सणावारी त्याचे नाव मोठ्याने घ्यावे. घरच्यांना रडू येईल म्हणून आपण नाव टाळतो, आणि ते मात्र कोणीतरी नाव घेईल म्हणून वाट पाहत असतात. तिसरे, ज्या वाटेने त्याच्याबरोबर गेलो ती वाट सोडू नये. पहिल्या वर्षी जड जाईल, दुसऱ्या वर्षीही जाईल. दगडावर डोळे न रोखता वाटेकडे पाहत राहावे.

मोह माणसाला एका जागी बसवतो, धर्म त्याला चालवतो. एवढी खूण लक्षात ठेवली तरी पुरे. या शरदात जो आपल्या गेलेल्या सोबत्याच्या नावाने एक तरी पाऊल चालेल, त्याच्या स्मरणाला मोह म्हणण्याचा अधिकार कोणालाही नाही. रामकृष्णहरि.