आधी तहान, मग खेळ



2016 चा एप्रिल महिना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. मराठवाड्यात पाण्यासाठी हाहाकार उडाला होता. मिरजेहून निघालेली पाण्याची पहिली रेल्वेगाडी 5 लाख लिटर पाणी घेऊन 12 एप्रिल रोजी लातूरला पोहोचली. त्याच आठवड्यात मुंबई उच्च न्यायालयात आयपीएलच्या क्रिकेट सामन्यांविषयी जनहित याचिकेची सुनावणी चालू होती. मुंबई, पुणे व नागपूर येथील मैदानांसाठी सुमारे 60 लाख लिटर पाणी लागेल, असा अंदाज तेव्हा पुढे आला. 13 एप्रिल रोजी न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्यास सांगितले. अंतिम सामनाही मुंबईऐवजी बंगळूरला झाला.

त्या वेळी एक प्रश्न विचारला गेला आणि तो आजही विचारण्याजोगा आहे. मैदानावरचे पाणी वाचले म्हणून ते लातूरकरांच्या घागरीत पडले का? मैदानासाठी पिण्याचे पाणी न वापरता सांडपाणी शुद्ध करून वापरू, असेही आयोजकांचे म्हणणे होते. सामन्यांवर पोट असणारी माणसेही होती. मग सामने हलवून तहानलेल्याला काय मिळाले? नुसत्या लिटरच्या हिशेबाने पाहिले, तर फारसे काही नाही.

परंतु नीतीचा प्रश्न लिटरपाशी संपत नाही. संत लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य व लाजर यांचा दाखला (16:19-31) आठवा. श्रीमंताने लाजराला लुटले किंवा मारले, असे प्रभू येशू कोठेही सांगत नाही. दाराशी लाजर भुकेला पडलेला असताना तो रोज मेजवान्या करीत राहिला, जणू लाजर तेथे नव्हताच. हाच त्याचा अपराध. आणि शेवटी तो कशासाठी गयावया करतो? जीभ ओली होण्यापुरत्या पाण्यासाठी!

खेळ ही वाईट गोष्ट नाही. मुलांना तो हवाच, मोठ्यांनाही हवा. प्रश्न क्रमाचा आहे. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी शिकवले की, माणसाने मालमत्ता बाळगण्यास हरकत नाही. पण आपली गरज भागून जे उरते ते गरिबांचे देणे आहे. देणे म्हणजे उपकार नव्हे. पोप फ्रान्सिस यांनी 2015 साली 'लौदातो सी' या विश्वपत्रात पिण्याच्या सुरक्षित पाण्याला मूलभूत मानवी हक्क म्हटले. सामने हलवल्याने पाणी लातूरला गेले नसेल, पण दाराशी लाजर आहे हे मान्य झाले. पाणी पोहोचवणे हे पुढचे काम; परंतु ज्याला लाजर दिसतच नाही तो पाणी कोणाला नेणार?

हा प्रश्न केवळ आपल्या देशाचा नाही. युरोपात आल्प्स पर्वतावर बर्फावरून घसरण्याचा खेळ चालतो. बर्फ कमी पडला की यंत्रांनी पाणी फवारून कृत्रिम बर्फ तयार करतात. फ्रान्समधील ला क्लुसाझ या गावी मुख्यतः अशा बर्फासाठी तलाव बांधायचा होता. ऑक्टोबर 2022 मध्ये न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. 2017 च्या जुलैमध्ये रोममध्ये दुष्काळ पडला, तेव्हा व्हॅटिकनने आपली सुमारे 100 कारंजी बंद केली. संत पेत्राच्या चौकातील कारंजीही त्यांत होती. शेजारी तहानलेला असताना आपल्या अंगणात पाणी नाचवू नये, एवढेच त्यातून सांगायचे होते.

क्रिकेट काय, बर्फ काय, दुसऱ्याच्या खेळाकडे बोट दाखवणे सोपे असते. आपल्या नीरा उजव्या कालव्याकडे पाहू या. वीर धरणापासून निघून तो फलटण, माळशिरस करीत पंढरपूर, सांगोल्याकडे जातो. वरच्याने उसाला जादा पाळी ओढली, की शेवटच्याच्या चारीत धूळ उडते. तेथे खेळ नाही, पोटाचा व्यवसाय आहे, हे खरे. म्हणून तर विवेकाची परीक्षा अधिक कठीण आहे. ठिबकवर भागत असताना रात्रभर दारे सोडून द्यावीत का? वस्तीवर टँकर येत असताना बोअरच्या पाण्याने गाडी धुवावी का? ज्याच्याकडे शेत नाही, बोअरही नाही, त्याच्याही हातात निदान नळाची तोटी आहे.

आषाढी वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आपल्या गावी मुक्कामाला असते. त्या दिवशी तांब्या पुढे करताना, पाणी कोणाच्या विहिरीचे, हे कोणी विचारीत नाही. वर्षाचे उरलेले दिवस मात्र पाणी पुन्हा 'माझे' होते. ज्या पाण्याने आपला स्नानसंस्कार झाला, ते आपण विकत घेतले नव्हते. ते आपल्याला मिळाले होते.

या उन्हाळ्यात प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा: आपल्या पाण्याच्या वाटेवर आपल्यानंतर कोण आहे? त्याचे नाव ठाऊक असेल, तर ते प्रार्थनेत घ्यावे. आणि प्रार्थना संपली की उठून तोटी बंद करावी.

प्रभू आपणां सर्वांस आशीर्वाद देवो.

आपले धर्मगुरू