चित्राआधीचे शब्द

ज्याचे आयुष्य इतरांचे अर्ज वाचण्यात गेले, त्याला एखादा अर्ज लिहिणे अवघड जाऊ नये. मलाही ते गेले नाही, आणि तेथेच माझी चूक झाली.

बडोद्यास चित्रकला शिकणारी माझी भाची सुटीत दिल्लीस आली होती. एका कलादालनात जागा मिळावी म्हणून तिला प्रस्ताव पाठवावयाचा होता: विषय, चित्रांची संख्या, लागणारी भिंत आणि चित्रांमागील भूमिका. निम्मी चित्रे अद्याप व्हावयाची होती. तिने लिहिले होते, ‘आजीच्या ओसरीवरचा उजेड मला पुन्हापुन्हा काढावासा वाटतो, का, ते अजून कळत नाही.’ मी ते वाक्य खोडून ‘स्मृती आणि विस्थापन यांचा शोध’ असे भारदस्त शब्द घातले. प्रस्ताव मंजूर झाला. महिन्याभराने तिचे पत्र आले: “मामा, आता मला तुमच्या शब्दांसारखी चित्रे काढावी लागत आहेत.”

१८५५ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनाच्या निवडमंडळाने गुस्ताव्ह कुर्बेची काही मोठी चित्रे नाकारली. तेव्हा त्याने जवळच स्वतःचा मंडप उभारून ती मांडली. त्याला नकार मिळाला तो निदान चित्रे पाहून. आजच्या विद्यार्थ्याला मात्र पुष्कळदा चित्राआधी शब्द द्यावा लागतो.

यात दालनचालकांचाच दोष आहे, असे म्हणता येणार नाही. भिंती थोड्या, मागणारे फार. काही लेखी आधार हवाच. प्रश्न आहे तो शब्द कशाचा द्यावा, हा. चित्रांची संख्या, आकार, मुदत आणि स्वतःचे श्रम यांचा शब्द देता येतो. चित्रातून काय उमटेल, याचा नाही. पूल बांधण्यापूर्वी आपण अंदाजपत्रकावर सही करतो, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर नव्हे. मी भाचीकडून तो दाखलाच आगाऊ लिहवून घेतला होता.

तिचे मूळ वाक्य ठेवले असते तर जागा मिळाली असती का? कदाचित नसती. खरेपणाला अशी किंमत पडते, आणि ती तरुणांनीच मोजावी असे म्हणणे आपल्याला सोपे जाते. म्हणून हा प्रश्न अर्ज लिहिणाऱ्याइतकाच वाचणाऱ्याचाही आहे. ‘अजून कळत नाही’ या शब्दांत अपात्रता न पाहता प्रामाणिकपणा ओळखण्याची सवय, टेबलाच्या अलीकडे बसणाऱ्या आपण कधी लावून घेणार?